कोर्लई नुसती बघू नका, समजून घ्या

अलिबागला आलेली मंडळी रेवदंड्याचा पूल ओलांडतात, कोर्लईच्या किल्ल्यावर दोन रील काढतात आणि काशिदकडे सुटतात, गाव बघायचं राहूनच जातं. ज्यांना खरंच इतिहासात रस आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी घरीच थोडं वाचून निघा. कुलाबा आणि जंजिऱ्याचं 1883 चं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं सरकारी माहितीपुस्तक, नेटवर फुकट मिळतं. कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा, नाव 1981 ला बदललं, त्यामुळे सर्च करताना दोन्ही नावं टाका. साल तीनच लक्षात राहिली तरी भागतं: 1521 ला पोर्तुगीजांनी चौलला, म्हणजे आताच्या रेवदंड्यात, किल्ला बांधायला घेतला, 1594 ला निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर जिंकला आणि 1740 ला मराठ्यांनी त्यांच्याकडून हे दोन्ही घेतलं.

किल्ला सकाळीच चढा, उन्हात हाल होतात. वर पोर्तुगीज शिलालेख आहेत, पडकं चर्च आहे, ते बघाच, पण समोर खाडीपलीकडे रेवदंडा दिसतो तो पण नीट बघा. दोन्ही काठ एकाच्या हातात असले की कुंडलिका नदीच्या तोंडातून कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय ते त्याला विचारूनच, या डोंगरासाठी एवढी मारामारी का झाली ते तिथे उभं राहिलं की कळतं.

खरी गंमत खाली गावात आहे. 1740 नंतर सत्ता गेली पण इथले ख्रिश्चन लोक इथेच राहिले, आणि त्यांची बोली पण राहिली, आजही हजारभर लोकांच्या घरात बोलतात. क्रिस्ती म्हणतात तिला, किंवा नो लिंग, म्हणजे 'आमची भाषा'. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद हळूहळू वाक्याच्या शेवटी सरकलं, मराठीसारखं, कारण पिढ्यानपिढ्या आजूबाजूला मराठीच आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या भाषातज्ज्ञाने यावर खूप वर्षं काम केलंय, जमलं तर शोधून वाचा. मला विचाराल तर किल्ल्यापेक्षा ही बोली जास्त मोठा वारसा आहे.

आता बोलायचं कसं? "जरा पोर्तुगीज बोलून दाखवा ना" असं प्लीज करू नका, माणसं काही म्युझियममध्ये ठेवलेली नाहीत. मराठी सगळ्यांना येतं. रविवारी मिस्सा सुटल्यावर कार्मेल मातेच्या चर्चपाशी लोक भेटतात, मासळीला काय म्हणता, लग्नात काय गाता, आजी पोरांना कुठल्या भाषेत ओरडते, असं काहीतरी साधं विचारा, मग गप्पा आपोआप रंगतात. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा आणि नंतर ती क्लिप त्यांना पाठवा. आणि नुसतं एवढ्यावर थांबू नका, गावात कोळी आहेत, मुसलमान आहेत, त्यांच्याकडेही बसा, समुद्राच्या गोष्टी कोळ्यांइतक्या कोणी सांगणार नाही.

परतताना रेवदंड्याला थांबा, तिथे बेने इस्रायलांचं बेथ एल सिनेगॉग आहे. हे मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली, आणि आडनावं गावावरून, रोहेकर, पेणकर वगैरे. 1948 नंतर बहुतेक इस्रायलला गेले. सिनेगॉग कायम उघडं असेलच असं नाही, आधी चौकशी करून जा, आणि पुरुषांनी डोक्यावर टोपी नाहीतर निदान रुमाल घ्या.