कार्डं सारखी, पैसे वेगळे: या चुका टाळा

पाकिटातली तीन-चार कार्डं दिसायला सारखीच. पण डेबिट कार्डामागे आपल्या खात्यातले पैसे, क्रेडिट कार्डामागे बँकेचे उसने, तर गिफ्ट आणि मेट्रो कार्डात आधीच भरलेले. हे डोक्यात पक्कं नसलं की गडबड होते.

सगळ्यात जास्त घोळ एटीएमवर. मशीन खडखडतं, नोटा काही येत नाहीत, पण ५,००० रुपये कापल्याचा मेसेज येतो. मग लोक घाईघाईने पुन्हा तीच रक्कम टाकतात, नाहीतर ज्या बँकेचं मशीन तिच्या शाखेत जाऊन भांडतात. तक्रार करायची ती आपल्याला कार्ड दिलेल्या बँकेकडे. चिठ्ठी चुरगाळून फेकू नका, तिच्यावर मशीनचा क्रमांक, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक असतो. चिठ्ठी आलीच नाही तर मेसेज ठेवा आणि मशीनवरच्या क्रमांकाचा फोटो काढा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई, तीही न मागता. पासबुकात ती दिसली नाही तर लेखी मागा. काउंटरवर नुसतं तोंडी बोलून आलात तर हातात काहीच उरत नाही, म्हणून तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणं ही त्याहून महागडी चूक. खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत इथे नसते. काढल्या दिवसापासून व्याज, वर काढण्याचं शुल्क. अगदीच नड असेल तरच.

गिफ्ट कार्डातून रोख निघत नाही, त्याने खरेदीच करायची. मेट्रो-बसला चालणाऱ्या एनसीएमसी कार्डाचं वेगळंच. ऑनलाइन पैसे भरले तरी कार्ड स्टेशनवरच्या मशीनवर टेकवून शिल्लक अपडेट केल्याशिवाय गेट उघडत नाही. ही शिल्लक कार्डातच असते, २,००० रुपयांपर्यंत, आणि ती वापरायला पिन लागत नाही. त्यामुळे महिनाभराचे पैसे एकदम भरून ठेवू नका.

आणि एटीएममध्ये ‘काका, मी काढून देतो’ म्हणणाऱ्याला कार्ड देऊ नका. पिन बघून कार्ड बदलणारे असेच गाठतात. दिलंच असेल तर परत घेताना शेवटचे चार आकडे तिथल्या तिथे जुळवा. जुळले नाहीत, तर बाहेर पडायच्या आधी बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करा.