मेटल डिटेक्टरचा रिकव्हरी स्पीड: किनाऱ्यावर या चुका टाळा

डिजिटल मेटल डिटेक्टरच्या मेनूत रिकव्हरी स्पीड नावाचा एक आकडा असतो. काही कंपन्या त्यालाच रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. एक वस्तू कॉइलखालून (यंत्राच्या टोकाला असलेली, जमिनीवरून फिरवायची चकती) गेल्यावर पुढच्या वस्तूसाठी यंत्र किती लवकर मोकळं होतं, ते यावर ठरतं. मिनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० या मॉडेलवर हा आकडा १ ते ८ आहे, ६०० वर १ ते ३. नवं यंत्र हाती आलं की बरेच जण तो थेट टोकाला नेऊन ठेवतात आणि पहिली चूक तिथेच होते. वेग वाढवला की जवळजवळ पडलेल्या दोन वस्तू वेगवेगळ्या वाजतात, हे खरं. पण खोलवरच्या अंगठीचा मुळातच क्षीण असलेला आवाज इतका तुटक होतो की नुसती टिकटिक ऐकू येते आणि माणूस पुढे निघून जातो.

जुहू किंवा गिरगाव चौपाटीच्या कोरड्या वाळूत बाटल्यांची बुचं, खिळे, तारा ठासून भरलेल्या असतात. विसर्जनानंतर तर विचारूच नका. तिथे वेग वरचाच हवा, जमल्यास कॉइलही लहान घ्या. गोराईकडच्या कमी वर्दळीच्या पट्ट्यात मात्र तोच आकडा खाली आणा आणि कॉइल सावकाश फिरवा.

हाताचा वेग तर कुणी लक्षातच घेत नाही. कमी रिकव्हरीवर कॉइल भराभर फिरवली की खिळा आणि अंगठी मिळून एकच गढूळ आवाज येतो. मग दोष यंत्राला दिला जातो.

किनाऱ्यावर पोचलात की आधी एवढं करून बघा. ५ रुपयांचं पिवळं नाणं वाळूत चार बोटं खोल पुरा, शेजारी तेवढ्याच अंतरावर एक खिळा ठेवा. आता दोन्हींवरून कॉइल फिरवत आकडा एकेक करून वाढवा. नाणं खिळ्यापासून स्वच्छ सुटून वाजलं की तिथेच थांबा, त्यापुढे जाऊ नका. मग नव्वद अंशात वळून पुन्हा ऐका. एका दिशेने दडलेलं नाणं दुसऱ्या दिशेने बरेचदा सापडतं. चाचणीला १ किंवा २ रुपयांचं स्टीलचं नाणं घेऊ नका. ते चुंबकाला चिकटतं, त्यामुळे यंत्र त्याला लोखंडात ढकलू शकतं.

लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करून चालणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंना गप्प करणारी सोय, लावल्याने खिळा नाहीसा होत नाही, फक्त त्याचा आवाज दाबला जातो. यंत्र त्या खिळ्यात गुंतलेलं असतंच आणि शेजारची अंगठी त्या शांततेत हरवते. लोखंडाला हळू, खालचा सूर ठेवा, म्हणजे आपण कचऱ्यात उभे आहोत हे कानाला कळत राहतं. मंगळसूत्र शोधत असाल तर साखळीच्या भरवशावर राहू नका. तिच्या बारीक कड्या यंत्राला जवळजवळ सुट्या सुट्या दिसतात. वाजल्या तर वाट्या वाजतील.

ओहोटीच्या ओल्या वाळूत यंत्र उगाच किणकिणू लागलं तर ते मिठाचं पाणी आहे. मल्टी-फ्रिक्वेन्सीचा (एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारा) बीच मोड लावा, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला तिथल्या जमिनीशी जुळवणं, तिथेच नव्याने करा, सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) थोडी उतरवा. रिकव्हरी एखाद पायरी वाढवल्यानेही हा गोंधळ कमी होतो, फक्त खोली थोडी जाते. कॉइल स्थिर धरूनही आवाज येत असेल तर जवळची वीजवाहिनी, खिशातला मोबाइल किंवा शेजारचा दुसरा डिटेक्टर तपासा आणि नॉइज कॅन्सल (बाहेरचा विद्युत गोंगाट टाळण्याची सोय) चालवा. तिथे रिकव्हरीशी खेळून काही साधत नाही.

जुनं काही सापडलं तर ते खिशात घालू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित किल्ले आणि लेण्यांच्या आवारात तर यंत्र चालूच करू नका. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा, पहाटे तिथे लोक अनवाणी धावतात.