परदेशी नोकरीचं लेटर आलंय? बॅग भरायच्या आधी हे बघा

गणपतीला गावी गेलो तेव्हा वाडीतल्या एका पोराने मोबाईल पुढे केला, "दादा, बघा ना, बँकॉकला काम लागलंय." डेटा एन्ट्री, महिना 80 हजार, राहणं-खाणं फुकट. आमच्या दापोलीकडे घरटी कोणीतरी दुबईला नाहीतर कतारला, त्यामुळे परदेशाचं कुणाला काही वाटतच नाही. मग ओटीवर बसून आम्ही एकेक गोष्ट तपासली.

आधी व्हिसा बघा. टूरिस्टचा असेल तर तिथेच थांबा, कारण टूरिस्ट म्हणून जाऊन काम केलंत की तुम्ही बेकायदा आणि मग तुमची मान त्यांच्या हातात.

मग जागा मॅपवर टाका. याच्या लेटरवर बँकॉक, पण चॅटमध्ये एजंट म्हणतो एअरपोर्टवरून गाडी माए सोतला नेईल. ते गाव पार बॉर्डरवर, मोई नदीच्या पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. तिकडे 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकून सत्ता घेतली, आणि बॉर्डरवर हत्यारबंद टोळ्यांचं राज्य, त्यांच्याच आसऱ्याला केके पार्कसारखे फसवणुकीचे अड्डे फोफावले. पासपोर्ट काढून घेतात, दिवसभर ऑनलाइन लोकांना गंडवायला लावतात, टार्गेट नाही झालं की मार. मार्च 2025 मध्ये आपल्या सरकारने वायुदलाच्या विमानांनी 500 च्या वर भारतीय परत आणले.

म्हणून अजून एक बघाच, जे कोणीच बघत नाही: जिथे जाताय तिथे तक्रार कोणाकडे करणार? पेपरवाला पोलिसांविरुद्ध छापू शकतो का, सरकार मत देऊन बदलता येतं का? नसेल तर माणसं विकणारा आणि पहारा देणारा एकच.

आपल्याकडे सगळं छान आहे असं नाही हां. घटनेच्या कलम 23 ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी बंद केली, 1976 ला वेठबिगारीविरुद्ध वेगळा कायदाही आला, तरी रायगडातली कातकरी कुटुंबं उचल घेऊन कोळशाच्या भट्टीवर अडकतातच. पण इथे निदान तहसीलदाराच्या दारात जाऊन बसता येतं, बातमी छापून आणता येते, आणि त्यानेच माणसं सुटतात. ही दारं एकेक करून बंद झाली की काय होतं ते म्यावाडीत दिसतं.

शेवटी एजंट. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं लायसन्स शोधा. फी जास्तीत जास्त 30,000 आणि वर जीएसटी, पावती घ्याच. पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स घरी ठेवा, आणि 1800113090 ही सरकारी हेल्पलाइन आईच्या फोनमध्येपण सेव्ह करा.

पोराने रात्रीच एजंटकडे लायसन्स नंबर मागितला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. सकाळी बघतो तर डीपी गायब.