देवगिरी–वेरूळ: शाळेची एका दिवसाची सहल कशी आखावी

पहिला नियम वाराचा. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याच्या सोमवारी. तारीख एसटीच्या आगारात पक्की करण्याआधी कॅलेंडर बघा. बंद गेटसमोर चव्वेचाळीस पोरांना घेऊन उभं राहिल्यावर दुसरा कार्यक्रम सुचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हाव. देवगिरी, वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि जमलं तर पैठण, असा कागद बऱ्याच शाळा काढतात. एवढं सगळं करायला गेलं की मुलांच्या डोक्यात फक्त बसच्या खिडकीतून दिसलेला रस्ता राहतो. जालना, परभणीकडून एका दिवसात येणाऱ्यांनी दोनच ठिकाणं धरावीत: सकाळी किल्ला, दुपारी लेण्या. हा क्रम उलटा करू नका. किल्ल्याचा चढ उन्हाआधी उरकलेला बरा. शिवाय वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे आतपर्यंत उजेड दुपारनंतरच पोचतो.

बससाठी आगारात ‘प्रासंगिक करार’ मागायचा, म्हणजे एसटीची अख्खी गाडी भाड्याने घ्यायची. मुख्याध्यापकांचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि शिक्षण विभागाची परवानगी सोबत न्या. शैक्षणिक सहलीला भाड्यात सवलत मिळते, ती कागद पूर्ण असतील तरच. किलोमीटर शाळेपासून नाही, आगारातून निघून आगारात परत येईपर्यंत मोजतात. शाळा आडगावाला असेल तर हा फरक बराच पडतो. थांबण्याच्या वेळेचा आकार किती, तेही आधीच विचारून घ्या. डिसेंबर-जानेवारीत गाड्या मिळत नाहीत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधीच अर्ज टाका.

जालन्याहून साडेसहाला निघालात तर नऊच्या सुमारास देवगिरीच्या पायथ्याशी पोचता. दहा मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि मुली असतील तर शिक्षिका हवीच. मोजणीसाठी डोकी मोजत बसू नका. प्रत्येकाला नंबर द्या आणि मुलांनीच तो ओरडून सांगायचा. डोकी मोजताना हमखास एखादे गुरुजीही मोजले जातात आणि मग आकडा बरोबर येतो, पोरगं मात्र हौदाजवळ राहिलेलं असतं.

पुरातत्त्व खात्याच्या या दोन्ही ठिकाणी पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. दहावीच्या वर्गात बरीच मुलं पंधरा ओलांडलेली असतात, त्यांचं तिकीट काढावं लागतं. जन्मतारखा असलेली शाळेच्या शिक्क्याची यादी खिडकीवर दाखवली की वाद होत नाही. रेंज नसेल तेव्हा ऑनलाइन पैसे जात नाहीत, म्हणून रोख रक्कम जवळ असू द्या.

किल्ल्यात शिरल्यावर भारतमाता मंदिराच्या खांबांच्या सभामंडपात सगळ्यांना बसवा आणि सांगायचं ते तिथंच सांगून टाका. यादवांची राजधानी, 1327 साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून इथं आणलेली राजधानी, समोरचा चांदमिनार. वर चढताना कुणी ऐकत नाही. दमा असलेली किंवा पाय दुखणारी मुलं एका शिक्षकासोबत इथंच थांबवा. पुढे खंदकावरचा पूल आणि मग अंधारी. हा भुयारी मार्ग शत्रूला चकवायला खोदलेला आहे. वळणं, पायऱ्या आणि वटवाघळं यांमुळे पोरं एकदम किंचाळतात, मागचा पुढच्यावर आदळतो. पुढे, मध्ये आणि शेवटी एकेक बॅटरी ठेवा, एका वेळी पंधराच मुलं सोडा. भित्र्या मुलांसाठी बाहेरून पायऱ्यांची वेगळी वाट आहे. खडकात आग्यामोहोळं असतात. दगड मारणं, धूर आणि अत्तर या तिन्ही गोष्टींवर बंदी घाला.

साडेअकराला खाली उतरा. दिल्ली दरवाजाची कमान अरुंद आहे, तिथं वाहनं अडकतात. त्यानंतर खुलताबादचा घाट लागतो. ओकारी होणाऱ्या मुलांना या टप्प्यात पुढच्या सीटवर घ्या, मागच्या सीटवर तर नकोच. पिशव्या हाताशी ठेवा.

जेवण लेण्या बघायच्या आधी. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं कोरडंच सांगा. वरणभाताचे डबे घाटात सांडतात. जेवण बसजवळ एका जागी आटोपा, कारण वेरूळची माकडं हातातली पिशवी ओढून नेतात. प्रत्येकाकडे लिटरची बाटली आणि बसमध्ये वीस लिटरचे चार जार पुरतात.

चौतीसच्या चौतीस लेण्या दाखवायच्या भानगडीत पडू नका. दहा, बारा, सोळा आणि बत्तीस बस्स. दहा हे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह; बारा तीनमजली विहार, म्हणजे भिक्षूंचं निवासस्थान. सोळावं कैलास मंदिर. त्याला निदान एक तास द्या. तो डोंगर वरून खाली कोरत आणला, म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर, हे मुलांनाच ओळखायला लावा. कैलासाच्या वरच्या कड्यावर मुलांना नेऊ नका. बत्तीसची इंद्रसभा जैन लेण्यांत, बरीच पुढे आहे. तिथे चालत न नेता वाहनानेच न्या.

चारला निघालात तर सातपर्यंत जालना. पालकांना उतरण्याची वेळ अर्धा तास उशिराची सांगा. बस आगाराकडे सोडण्याआधी सीटखाली बॅटरी मारा. दोन डबे, एक चप्पल आणि कुणाचं तरी स्वेटर निघतंच.