सुपारीवरचा कोळेरोग: या चुका टाळा

जुलै उजाडला की विचारणा सुरू होते, "पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडलाय, काय मारू?" मारायचं ते मेअखेरीस मारायला हवं होतं! ही गळ कोळेरोगाची. त्याची बुरशी, फायटोप्थोरा, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर एका घडावरून दुसऱ्यावर जाते. सुपारीच्या देठाकडच्या टोपीजवळ ओलसर गडद डाग दिसतो तोवर ती आत शिरलेली असते, ती सुपारी काही परत येत नाही. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, दुसरी ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून. ऐन वेळी पाडेली, म्हणजे झाडावर चढणारा गडी, मिळत नाही, म्हणून मी त्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवतो.

दुसरी चूक बोर्डोत, म्हणजे फवारायच्या मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या मिश्रणात, आणि ही बघून खरंच जीव तुटतो. एक टक्का म्हणजे मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. शेजारच्या वाडीत घाईघाईत लोखंडी पिंपात सगळं एकदम कालवलं. चुनाही उघड्या पोत्यातला, हवा लागून मेलेला. मी कोयता बुडवून बाहेर काढला तर पात्यावर तांबूस थर! म्हणजे मोरचूद मोकळा राहिलेला, चुना कमी पडलेला. "आता कालवलंय तर मारून टाकू," असं म्हणून त्यांनी ते मारलंच. कोवळ्या सुपाऱ्या करपल्या, कोळेरोगही आला.

प्लास्टिकच्या दोन पिंपांत मोरचूद आणि चुना वेगवेगळे, प्रत्येकी ५० लिटर पाण्यात करा. चुना गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळा. कोयता लाल झाला तर चुन्याचं पाणी वाढवा. केलेलं त्याच दिवशी संपवा. बाटलीतली तयार औषधं शोधणाऱ्यांना एवढा अर्धा तास जड का जातो, मला कळत नाही.

गळलेल्या सुपाऱ्या झाडाखाली ठेवू नका, वेचून जाळा. झाडावर सुकून लटकलेले रोगट घडही उतरवा, पुढच्या वर्षीची लागण तिथूनच सुरू होते.

पाऊस लागण्याआधी चर उपसा. वाडीत पाणी तुंबता कामा नये.

घडाबरोबर शेंडाही भिजवा. रोग तिथे उतरला तर झाडच जातं.

वाडीत कोको असेल तर काळ्या पडलेल्या शेंगाही काढा, ती बुरशी याच कुळातली.

झाडं थोडीच असतील तर पावसाआधी घडावर प्लास्टिकची पिशवी बांधा, खालचं तोंड उघडं ठेवून.