घरची महागाई कशी मोजावी
सरकारी महागाई दर ही साऱ्या देशाची सरासरी असते. हा दर ज्यावरून काढतात, त्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या (किरकोळ भावांची चढउतार दाखवणाऱ्या आकड्याच्या) २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार, म्हणजे वाटा, ४५.८६ टक्के होता, पण निम्म्याहून अधिक पगार किराण्यात जाणाऱ्या घराला झळ वेगळीच बसते. म्हणून गेल्या वर्षीच्या याच महिन्याची खर्चाची यादी काढावी आणि तूरडाळ, गोडेतेल, गॅस यांचे प्रमाण तेच ठेवून आजचे भाव मांडावेत. पुड्यावरचे वजनही जरूर वाचावे, कारण किंमत न वाढवता माल घटवणे हीसुद्धा महागाईच आहे. समजा, २०,००० रुपयांची यादी २१,२०० वर गेली, तर घरची महागाई ६ टक्के झाली. पगार ५ टक्केच वाढला असेल, तर १०५ ला १०६ ने भागावे: क्रयशक्ती, म्हणजे पगारात माल विकत घेण्याची ताकद, सुमारे १ टक्क्याने घटलेली दिसेल.