नावडती गाडी: निवड आणि सांभाळ

ज्या गाडीकडे रस्त्यावर कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, किंवा पाहिलेच तर हसण्यासाठी पाहते, अशा गाडीवर ज्यांचा जीव जडला आहे किंवा जडू लागला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. लोकप्रिय जुनी गाडी सांभाळणे तुलनेने सोपे असते, कारण तिचे भाग कोणीतरी नव्याने घडवून विकत असते आणि तिची दुरुस्ती जाणणारे हात जागोजागी सापडतात. दुर्लक्षित गाडीमागे अशी व्यवस्था उभी राहत नाही. ती मालकालाच उभी करावी लागते. माझ्या मते या कामाची सुरुवात एका प्रश्नाने करावी: ही गाडी लोकांनी नेमकी कशामुळे नाकारली? याचे उत्तर नीट मिळाले, तर गाडी घ्यावी की नाही, घेताना काय तपासावे आणि घेतल्यावर कोणते भाग आधी जमवावेत, हे बहुतांशी कळून जाते.

काही गाड्या केवळ रूपामुळे मागे पडल्या. फियाटची १९९८ मध्ये आलेली मल्टिप्ला हे याचे उत्तम उदाहरण. चार मीटरपेक्षा किंचित कमी लांबीत तिने तीन-तीनच्या दोन रांगांत सहा माणसे बसवली. त्यासाठी गाडी रुंद करावी लागली, आणि समोरच्या काचेखाली जी पायरीसारखी घडी व त्यात दिव्यांची जोडी दिली, तिच्यावरून जगभर चेष्टा झाली. २००४ मध्ये कंपनीने ती घडी काढून चेहरा सर्वसामान्य केला. पण या गाडीचे यांत्रिक भाग बव्हंशी ब्राव्हो आणि ब्राव्हा या त्याच कंपनीच्या साध्या मॉडेलांशी नाते सांगणारे होते. म्हणजेच, जिला लोक विचित्र म्हणत होते तिचे पोट अगदी नेहमीचे होते. अशी गाडी प्रेम करणाऱ्यासाठी सर्वांत सुरक्षित. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, पण ते चाखून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. पॉन्टिॲक ॲझटेकचेही असेच आहे: २००१ ते २००५ या मॉडेल-वर्षांतील ही गाडी दिसायला कोणालाच आवडली नाही, मात्र तिचा पाया जनरल मोटर्सच्या मोठ्या संख्येने बनलेल्या मिनीव्हॅनचा होता.

दुसऱ्या प्रकारच्या गाड्या काळाशी चुकामूक झाल्याने पडल्या. एएमसी (अमेरिकन मोटर्स) पेसर ही १९७५ ते १९८० या काळातील गाडी जनरल मोटर्सचे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या भागावर चालणारे, लहान व हलके) मिळेल या भरवशावर आखली गेली होती. ते इंजिन रद्द झाल्यावर तिच्यात कंपनीचे जुने, जड, सहा सिलिंडरांचे इंजिन बसवावे लागले आणि लहान गाडी म्हणून घेणाऱ्याला ती वजनाने आणि इंधनाच्या भुकेने मोठी वाटली. ते इंजिन मात्र टिकाऊ होते आणि इतर अनेक मॉडेलांत वापरले गेले होते. पेसरची खरी अडचण दुसरीकडे आहे. तिची काच प्रचंड आहे, आणि उजवीकडचे दार डावीकडच्यापेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर लांब आहे; हे भाग दुसऱ्या गाडीवरून घेता येत नाहीत. पेसर पाहायला गेल्यावर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी काचा आणि ते लांब दार तपासावे, ते याच कारणाने.

तिसरा प्रकार खऱ्या दोषाचा, आणि इथे प्रेमाला थोडा आवर घालावा लागतो. सप्टेंबर १९५७ मध्ये फोर्डने मोठा गाजावाजा करून आणलेली एडसेल नोव्हेंबर १९५९ मध्ये बंद झाली. तिच्या पहिल्या वर्षाच्या काही गाड्यांत गिअर बदलण्याची बटणे स्टिअरिंगच्या मधोमध होती. टेलिटच नावाची ही विद्युत व्यवस्था त्रासदायक ठरली आणि पुढच्या वर्षी ती काढून टाकली गेली. अशा वेळी संपूर्ण मॉडेलवर फुली मारण्याची गरज नसते. कोणत्या वर्षी कोणती सुधारणा झाली हे शोधून दोष काढलेले वर्ष निवडावे. पहिल्याच वर्षाची गाडी हवी असा हट्ट असेल, तर तो दोष आपल्याला दुरुस्त करत राहावा लागणार हे मान्य करूनच ती घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नवखा मालक इंजिनाची चिंता करतो, अनुभवी मालक काच, दिवे, रबर आणि आतल्या प्लास्टिकची करतो. इंजिन, क्लच, ब्रेकचे पॅड, बेअरिंग हे भाग एकाच कंपनीच्या अनेक गाड्यांत सामाईक असतात, आणि गाडी कितीही नावडती असली तरी तिची भावंडे लाखांनी धावलेली असतात. पण मागचा दिवा, डिकीची काच, दाराचे बीडिंग (कडेची रबरी पट्टी), बंपरचे कोपरे आणि डॅशबोर्डवरील बटणे त्या एकाच मॉडेलसाठी बनलेली असतात. गाडी बंद झाल्यावर काही वर्षांत कंपनीचा साठा संपतो, आणि मागणी कमी असल्याने दुसरे कोणी ते घडवत नाही. त्यामुळे पाहण्यासाठी दोन गाड्या समोर असतील, एकीचे इंजिन थकलेले पण सगळ्या काचा, दिवे व आतील भाग शाबूत, आणि दुसरीचे इंजिन उत्तम पण दिवे फुटलेले व बीडिंग गायब, तर मी पहिली घेईन. रेनॉची आव्हाँतीम गाडी २००१ ते २००३ या काळात साडेआठ हजारांच्या आसपासच बनली. तिची इंजिने रेनॉच्या इतर मोठ्या गाड्यांतही होती, पण दुहेरी बिजागरीवर फिरणारी ती लांबलचक दारे दुसऱ्या कोणत्याच गाडीची नव्हती, आणि ती गाडी बनवणाऱ्या मात्रा कंपनीने २००३ मध्येच मोटार उत्पादन थांबवले.

गंज तपासताना गाडीचे अंग कशाचे आहे हे आधी माहीत असावे. पोलादी गाडीत चाकांच्या कमानींच्या आतील कडा, दारांखालची पट्टी, जॅक लावण्याच्या जागा आणि पायपुसण्याखालची फरशी हाताने चाचपून पाहावी. जाड, ताजा रंग किंवा डांबरी थर दिसला तर त्यावर चुंबक फिरवावे, कारण गंजाची भोके बुजवायला भरलेल्या पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. पूर्व जर्मनीच्या ट्रॅबांट गाडीचे बाहेरील पत्रे ड्युरोप्लास्टचे, म्हणजे कापसाच्या टाकाऊ धाग्यांत राळ मिसळून दाबलेले असतात. ते गंजत नाहीत, म्हणून गाडी वरून निरोगी दिसते, पण आतला सांगाडा पोलादाचा आहे आणि तो निमूटपणे कुजत राहतो. तिच्या बाबतीत खालून पाहिल्याशिवाय व्यवहार करूच नये. (सुमारे तीस लाख ट्रॅबांट बनल्यामुळे भागांची मात्र तितकी अडचण नसते.) ऑडीच्या १९९९ ते २००५ मधील ए२ या गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे. ती महाग वाटली म्हणून हवी तशी खपली नाही. आज हलकेपणा आणि गंज न धरणे हे तिचे मोठे गुण ठरतात. पण पोलादावर वापरलेली हत्यारे तिच्यावर चालवली तर पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून तिथे क्षरण सुरू होते, त्यामुळे डेंटिंगचे काम ॲल्युमिनियम जाणणाऱ्याकडेच द्यावे.

गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात दोन कामे करावीत. मागील मालकाने दिलेल्या नोंदींवर पूर्ण विश्वास न ठेवता सर्व द्रव, पट्टे आणि होज यांचे वय ठरवावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालली असो वा नसो. टायमिंग बेल्टला, म्हणजे झडपांची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवणाऱ्या पट्ट्याला, किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा असते. अनेक इंजिनांत तो तुटला की झडपा पिस्टनवर आदळतात, आणि दुर्लक्षित गाडीच्या बाबतीत तो खर्च बहुधा तिला भंगारात नेतो. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसत असली तरी बारीक तडे गेलेला जुना टायर ठेवू नये.

दुसरे काम भागांच्या क्रमांकांचे. चेसिस क्रमांकावरून कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा क्रमांक काढून एका वहीत लिहावा, आणि त्याच क्रमांकाचा भाग आणखी कोणत्या मॉडेलला लागतो हे त्याच्यासमोर नोंदवावे. कंपन्या अनेकदा जुना क्रमांक रद्द करून नवा देतात. या क्रमांकांची साखळी शोधत गेलो की 'मिळत नाही' म्हणून सांगितलेला भाग वेगळ्या नावाने फडताळात पडलेला सापडतो. दुकानदाराला गाडीचे नाव सांगितले तर तो मान हलवतो, क्रमांक सांगितला तर तो शोधायला आत जातो. ही वही तयार करायला वेळ लागतो, पण नावडत्या गाडीच्या मालकाजवळ याहून मोलाचे साधन नाही असे मला ठामपणे वाटते.

जागा असेल तर भागांसाठी त्याच मॉडेलची एखादी न चालणारी गाडी घ्यावी. नसेल तर निदान मागच्या दिव्यांची एक जोडी, दारांची बीडिंग आणि काचा वर-खाली करणारी यंत्रणा मिळेल तेव्हा घेऊन ठेवावी, गरज पडेपर्यंत थांबू नये. जुने प्लास्टिक ठिसूळ होते. डॅशबोर्डचा किंवा दाराच्या आतील पॅनेलचा भाग काढण्यापूर्वी केस वाळवण्याच्या यंत्राने त्याला थोडी ऊब द्यावी, म्हणजे क्लिपा तुटत नाहीत, आणि उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा. दारांच्या रबराला पेट्रोलियमयुक्त ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. सिलिकॉनचे वंगण लावावे.

मेकॅनिकही समजून निवडावा. त्याने हे मॉडेल पूर्वी पाहिलेले असणे आवश्यक नाही. तो माहितीपुस्तिका वाचायला तयार आहे का आणि अंदाजाने भाग बदलण्याऐवजी आधी मोजमाप घेतो का, हे पाहावे. 'ही गाडी विकून टाका, चांगली घ्या' असे जो पहिल्याच भेटीत म्हणतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये, कारण ज्या कामाला तो निरर्थक मानतो ते काम तो मन लावून करणार नाही.

फेरबदलांच्या बाबतीत माझे मत कडक आहे. सर्वसामान्य, मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या साध्या आवृत्त्याच आधी नष्ट होतात, कारण त्या जपण्यासारख्या आहेत असे कोणाला वाटत नाही. महागडी आवृत्ती कोणीतरी झाकून ठेवतो. म्हणून अगदी खालच्या श्रेणीची, हाताने काच फिरवण्याची, रंगीत बंपर नसलेली गाडी मिळाली तर तिला वरच्या श्रेणीचे साज चढवू नयेत. मूळ चाकांच्या टोप्या, मूळ रेडिओ आणि मूळ कापडाची आसने आहेत तशी ठेवावीत, आणि सुरक्षिततेसाठी काही बदलावेच लागले तर काढलेला भाग नाव लिहून जपून ठेवावा. ब्रिटनमध्ये २०१४ पासून फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल हा अशाच सामान्य गाड्यांचा मेळावा भरतो, आणि तिथे कौतुक होते ते नेमक्या अशा न बदललेल्या गाड्यांचे.

गाडी चालवत राहावे. आठ-पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटे जागच्या जागी इंजिन सुरू ठेवण्याने उपकारापेक्षा अपकारच होतो, कारण तेल पुरते तापत नाही आणि जळताना तयार झालेले पाणी तेलात व सायलेन्सरमध्ये साचून राहते. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी, म्हणजे ब्रेकच्या डिस्कवरचा गंज निघतो, ऑइल सील ओली राहतात आणि टायर एकाच जागी चपटत नाहीत. महिनाभराहून अधिक काळ उभी ठेवायची असेल तर बॅटरीची तार काढावी किंवा तिला संथ चार्जर लावावा, आणि जमीन सपाट असल्यास हँडब्रेक सोडून चाकांना अटकाव द्यावा, नाहीतर ब्रेक चिकटतात.

पुढे कधी गाडी दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तर ती एकटी देऊ नये. भागांची वही, जमवलेले दिवे व काचा, काढून ठेवलेले मूळ भाग आणि दुरुस्तीच्या पावत्या हे सर्व त्याच व्यवहारात द्यावे, आणि जो हे सामान नको, फक्त गाडी हवी म्हणतो त्याला नम्रपणे नकार द्यावा. गाडी खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर ती भंगारात घालण्यापूर्वी त्याच मॉडेलच्या इतर मालकांना कळवून काच, दिवे आणि दारे उतरवू द्यावीत.